धर्माज्ञा आणि राजदंड

(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेत धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



महोत्सव म्हणजे योबेल. जुन्या करारातील इस्राएल लोकांस परमेश्वराने आज्ञा केली होती की, दर पन्नासाव्या वर्षी रणशिंग वाजवून देशभर सुटका पुकारावी; ऋणात बुडालेल्याची जमीन त्यास परत मिळावी आणि जो दास झाला असेल त्याने आपल्या कुळात परत जावे. तेव्हा योबेलाचा प्राण मेजवानीत नाही, मांडवात नाही, पताकांतही नाही; तो सुटकेत आहे. म्हणून अशा दिवशी बेड्यांविषयी बोलण्याची परवानगी मी आपणांपाशी मागतो. त्या बेड्या चोर-दरोडेखोरांच्या पायांतील नव्हेत. धर्माच्या नावाने माणसांच्या पायांत ज्या पडल्या, त्यांची ही हकीकत आहे. तिचा आरंभ विलायतेत झाला, पण तिचा एक धागा मुंबईच्या हायकोर्टातून थेट आपल्या घरच्या उंबरठ्यापर्यंत येतो.

वाळीत टाकणे म्हणजे काय हे ह्या मुलखातील माणसास समजावून सांगावे लागत नाही. रोटीबेटीचा व्यवहार बंद, न्हावी-परीट बंद, विस्तव बंद, मयताला खांदा देणारे कोणी नाही. हे सारे आपल्या वाडवडिलांनी पाहिले आहे, कित्येकांनी भोगले आहे. ख्रिस्तसभेच्या कायद्यातही बहिष्काराची शिक्षा आहे. लॅटिनमध्ये तिला एक्सकोम्युनिकात्सिओ म्हणतात. महापातक करून जो हट्टाने त्यास चिकटून राहतो, त्यास संस्कारांपासून दूर ठेवावे, अशी ती शिक्षा. परंतु मध्ययुगीन इंग्लंडात ह्या धर्मशिक्षेच्या शेपटीला राजाची बेडी बांधण्यात आली.

नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर, सन 1072 च्या सुमारास, धर्मविषयक खटले लोकसभांच्या न्यायकचेऱ्यांतून काढून बिशपांच्या न्यायासनाकडे सोपविले. लग्न, मृत्युपत्र, दशमांश, व्यभिचार, मानहानी, शपथभंग असे नित्याच्या जीवनातील कितीतरी विषय तेव्हापासून धर्मन्यायालयात जाऊ लागले. आता धर्मन्यायालयाला पोलीस नाही, तुरुंगाधिकारी नाही, जप्ती करणारा बेलिफ नाही. बोलावले तर पक्षकार यावा कसा, आणि हुकूम केला तर तो त्याने पाळावा कसा? तेथे एकच शस्त्र होते, ते बहिष्काराचे. जो समन्साला मान देत नसे किंवा निकाल धुडकावून लावी, त्यास न्यायालयाच्या अवमानाबद्दल बहिष्कृत करीत.

बहिष्कृत मनुष्य चाळीस दिवस तसाच राहिला व शरण आला नाही, म्हणजे बिशप राजाच्या चान्सरी कचेरीस पत्र लिहीत. त्या पत्रास 'सिग्निफिकाविट', म्हणजे 'कळविले आहे', असे नाव होते. पत्र पोहोचले की कचेरीतून जिल्ह्याच्या शेरीफाच्या नावे हुकूम सुटे: अमुक माणूस ख्रिस्तसभेच्या न्यायास जुमानीत नाही, तरी त्यास धरावे आणि तो ख्रिस्तसभेचे समाधान करीपर्यंत कैदेत ठेवावे. ह्या हुकुमाचे लॅटिन नाव 'डे एक्सकोम्युनिकातो कापिएंदो' असे असून, मराठीत त्याचा अर्थ 'बहिष्कृतास धरण्याविषयी' असा होतो. शिक्षेला मुदत नव्हती. कैदी नमला, बिशपांनी त्यास मोकळे केले आणि तसे कळविले, म्हणजेच सुटकेचा दुसरा हुकूम निघे. बिशपांनी पाठविलेली अशी हजारो पत्रे इंग्लंडच्या सरकारी दप्तरात आजही जपून ठेविलेली आहेत.

तुरुंगाबाहेरही बहिष्कृताचे हाल कमी नव्हते. राजाच्या न्यायालयात त्यास दावा लावता येत नसे, साक्ष देता येत नसे. मेला तर पवित्र भूमीत त्यास जागा नसे. म्हणजे आपल्याकडील वाळीत टाकण्याचे सर्व भोग, आणि वर राजाचा तुरुंग!

बंधुभगिनींनो, हे सारे आपल्याच ख्रिस्तसभेच्या अमलात घडले, हे मी लपवीत नाही. त्या काळी इंग्लंड कॅथलिक होते. ते बिशप कॅथलिक होते. त्यांचा हेतू सर्वत्र वाईट होता असेही म्हणता येणार नाही. अनाथाचा वारसा बुडविणारा, विधवेचे मृत्युपत्र दाबून ठेवणारा, बायकोस टाकून दुसरीबरोबर राहणारा, अशांना वठणीवर आणण्यास ह्या हुकुमाचा उपयोग झालाच. परंतु उसन्या तलवारीचा गुण असा की, ती ज्याच्या कमरेला असेल त्याची चाकरी करते. आज आपण तिला धार लावावी, आणि उद्या तीच आपल्या मानेवर पडावी!

नेमके तसेच झाले. 1534 साली आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडला आणि तो स्वतःच इंग्लंडच्या धर्मसंस्थेचा मस्तक झाला. बिशपांची न्यायासने तशीच राहिली. मालक मात्र बदलला. 1563 साली एलिझाबेथ राणीच्या पार्लमेंटने ह्या हुकुमाची अंमलबजावणी अधिक कडक करणारा कायदा केला. त्यात गुन्ह्यांची जी यादी दिली आहे, तीत पाखंड, लाचलुचपतीने धर्मपद मिळविणे, व्याजबट्टा व व्यभिचार ह्यांच्याबरोबर, मुलाचा बाप्तिस्मा करून न घेणे, सरकारमान्य उपासनेस न येणे, आणि प्रभुभोजन न घेणे हेही गुन्हे आहेत. ह्याचा अर्थ उघड आहे. जुन्या धर्माला चिकटून राहिलेला कॅथलिक शेतकरी नव्या उपासनेस गेला नाही, की तो बहिष्कृत. आणि बहिष्कृत झाला, की कॅथलिक बिशपांनीच पूर्वी रुळविलेल्या हुकुमाने शेरीफ त्याच्या दारात! पुढल्या शतकात क्वेकर नावाच्या शांतताप्रिय पंथाच्या लोकांनी दशमांश देण्याचे नाकारले. त्यांच्यापैकीही पुष्कळांस ह्याच हुकुमाने तुरुंग दाखविला.

शस्त्र जसजसे जुने होत गेले, तसतसे ते अधिकाधिक क्षुल्लक कामाला वापरले जाऊ लागले. मानहानीच्या एका किरकोळ दाव्यातील खर्च भरता आला नाही म्हणून ब्रिस्टलच्या तुरुंगात खितपत पडलेल्या एका गरीब तरुणीचा अर्ज 1812 साली पार्लमेंटपुढे आला आणि सभासदांस लाज वाटली. दुसऱ्याच वर्षी, 1813 साली, कायदा होऊन अवमानाबद्दल बहिष्कार घालण्याची चाल बंद झाली. तिच्या जागी केवळ 'हुकूम न मानणारा' असे जाहीर करण्याची रीत आली, आणि त्यावरून निघणाऱ्या नव्या हुकुमास 'डे कोन्तुमाचे कापिएंदो', म्हणजे 'हट्टी माणसास धरण्याविषयी', असे नाव पडले. जेथे बहिष्काराची शिक्षा शिल्लक राहिली, तेथेही तिच्यापायी सहा महिन्यांहून अधिक कैद देता येणार नाही, असे ठरले.

नाव बदलले तरी बेडी बेडीच राहिली. चेम्सफर्ड गावचा जॉन थोरोगुड नावाचा एक चांभार होता. तो सरकारी धर्मपंथाचा नव्हता. म्हणून त्या पंथाच्या देवळासाठी बसविलेली साडेपाच शिलिंगांची पट्टी देण्याचे त्याने नाकारले. धर्मन्यायालयात तो हजर झाला नाही. आणि 1839 च्या आरंभापासून 1840 च्या अखेरीपर्यंत तो कैदेत पडून राहिला. साडेपाच शिलिंगांसाठी जवळजवळ दोन वर्षे! अखेर 1868 साली सक्तीची देऊळपट्टीच रद्द झाली. त्यानंतरही 1881 साली, उपासनेतील मेणबत्त्या, झगे आणि विधी ह्यांवरून आपल्या न्यायासनाची आज्ञा मोडल्याबद्दल सिडनी ग्रीन नावाच्या अँग्लिकन धर्मगुरूस लँकेस्टरच्या किल्ल्यात सुमारे वीस महिने डांबण्यात आले. ज्या विधींसाठी तो तुरुंगात गेला, ते पुढे त्यांच्याच कितीतरी देवळांत उघडपणे चालू लागले.

आता कोणी म्हणेल, "फादर, ही विलायतेची कथा, जुन्नर-आंबेगावास तिचे काय?" तर आपल्या मातीकडे वळू.

देऊळपट्टीची हकीकत ऐकून ओतूरकडच्या जाणत्या माणसांस काही आठवले असेल. 1873 साली जोतीराव फुले ह्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि त्यानंतर ह्या जुन्नर तालुक्यातील शेतकऱ्यांनी जोशीबुवांस न बोलाविता आपल्या मुलामुलींची लग्ने लावण्यास प्रारंभ केला. तेव्हा वतनदार जोश्यांनी कोर्टाची पायरी चढली. लग्न आम्ही लावले नसले तरी दक्षिणेचा हक्क आमचा आहे, असे त्यांचे म्हणणे. ज्या माणसाची सेवा घेतली नाही, ज्याच्या मंत्रावर आपली श्रद्धा नाही, त्याला धर्माच्या नावाने पैसे द्यावयाचे, आणि न दिले तर सरकारने ते वसूल करून द्यावयाचे. चेम्सफर्डच्या चांभाराचे गाऱ्हाणे तरी ह्याहून वेगळे कोठे होते? न बोलाविलेल्या उपाध्यायाने दक्षिणा मागण्याचा हा हक्क मुंबई कायदेमंडळाने 1926 साली कायदा करून संपविला.

दुसरी हकीकत ह्याहून जिव्हाळ्याची आहे. इंग्लंडच्या धर्मन्यायालयांत लग्नाचे जे दावे चालत, त्यांत एक दावा असा असे की, बायको किंवा नवरा घर सोडून गेला तर न्यायालयाने त्यास परत नांदावयास जाण्याची आज्ञा करावी. आज्ञा मोडली तर पूर्वी बहिष्कार व तुरुंग, आणि 1813 नंतर नुसता तुरुंग. आपल्या हिंदी धर्मशास्त्रांत, न्यायाधीशाने बायकोस बेडी घालून नांदावयास पाठवावे असा मार्ग मुळात नव्हता. तो येथे जहाजातून आला. मुंबईच्या जुन्या सुप्रीम कोर्टास एक धर्मविषयक शाखा होती; त्या शाखेत एका पारशी बाईने आपल्या नवऱ्याविरुद्ध असा दावा लावला. 1856 साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की, ही शाखा ख्रिस्ती लग्नाच्या कायद्यावर उभारलेली असल्यामुळे पारशांस लागू पडत नाही. मात्र दिवाणी बाजूने काही इलाज असू शकेल. 1867 साली एका मुसलमान जोडप्याच्या खटल्यात तो दिवाणी दरवाजा पुरता उघडला. म्हणजे धर्मन्यायालयाचा झगा गळून पडला, पण त्याची आज्ञा दिवाणी कोर्टाच्या अंगावर चढली.

ह्या दरवाजातून 1884 साली रखमाबाईस खेचण्यात आले. सुतार ज्ञातीतील ही मुलगी. डॉक्टर सखाराम अर्जुन हे तिचे सावत्र वडील. अकराव्या वर्षी तिचे दादाजी भिकाजी ह्यांच्याशी लग्न झाले, परंतु ती त्यांच्या घरी कधीच नांदली नाही. मोठी झाल्यावर, जे लग्न आपल्या संमतीवाचून लावले गेले ते आपण मानीत नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. 1885 साली न्यायमूर्ती पिन्ही ह्यांनी दावा फेटाळला. ही विलायती चाल असून हिंदू कायद्यात तिला आधार नाही, असे त्यांचे मत पडले. 1886 साली अपिलात तो निकाल फिरला. आणि 1887 च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी हुकूम दिला की, एका महिन्यात नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने कैद भोगावी. रखमाबाईने कैद पत्करण्याची तयारी दाखविली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या 1884 साली दादाजींनी दावा लावला, त्याच साली इंग्लंडच्या पार्लमेंटने अशा दाव्यांतील कैदेची शिक्षा रद्द केली होती. विलायतेने मोडीत काढलेली बेडी मुंबईत मात्र चकचकीत राहिली! आणि नवल असे की, आपल्याकडील पुष्कळ विद्वान तिला स्वधर्माचे भूषण समजून तिच्या रक्षणास धावले. लोकमान्य टिळकांनी आपल्या वृत्तपत्रांतून रखमाबाईविरुद्ध लिहिले. बेहरामजी मलबारी व पंडिता रमाबाई ह्यांनी तिची बाजू घेतली. अखेर 1888 साली दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन दादाजींनी हुकुमाची अंमलबजावणी सोडून दिली. रखमाबाई विलायतेस गेल्या, 1894 साली डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर स्त्रियांची शुश्रूषा केली. 1955 साली त्यांचा अंत झाला. ज्या बाईस कोंडून धर्म राखावयाचा होता, तिच्या हातून किती बाळंतिणी सुखरूप सुटल्या असतील, ह्याचा हिशेब परमेश्वरापाशी आहे. अशा दाव्यात तुरुंगात टाकण्याची तरतूद आपल्या देशात 1923 साली निघाली. तो दावा मात्र कायद्यात अजून आहे, आणि 1869 च्या घटस्फोट कायद्यान्वये तो ख्रिस्ती लोकांसही लागू आहे. इंग्लंडने तो 1970 साली कायदा करून समूळ काढून टाकला.

तुरुंग निघून गेला म्हणजे जाच संपला, असेही कोणी समजू नये. 1890 साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली आणि पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेविण्यात आली. गोपाळराव जोशी ह्यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापविली आणि ग्रामण्य उभे राहिले. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. शंकराचार्यांकडे तक्रार गेली, चौकशीस शास्त्री नेमले गेले, प्रायश्चित्ते सांगण्यात आली. ह्या न्यायासनाच्या हाती शेरीफ नव्हता, तुरुंग नव्हता. इंग्रज सरकारने ज्ञातीच्या वादात कोर्टांनी पडू नये असे 1827 सालीच ठरवून टाकले होते. तरीही हायकोर्टात बसण्याच्या योग्यतेच्या रानड्यांस 1892 साली प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका पेला चहापायी! घरच्या माणसांस होणारा त्रास हीच त्यांच्या पायांतील बेडी होती. राजाचा हुकूम माणसास भिंतीआड ठेवतो. समाजाचा बहिष्कार भिंत त्याच्याबरोबर चालवितो.

म्हणूनच कायद्यास पुन्हा ह्या प्रश्नाकडे वळावे लागले. 1949 साली मुंबई सरकारने कोणत्याही जमातीने आपल्या माणसास बहिष्कृत करू नये असा कायदा केला. दाऊदी बोहरा जमातीच्या सय्यदनांनी त्याविरुद्ध दाद मागितली, आणि 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो कायदा रद्द ठरविला; धार्मिक कारणावरून बहिष्कार घालणे हा धर्मसंस्थेच्या स्वतःच्या कारभाराचा भाग आहे, असे बहुमताने म्हटले. त्यानंतर महाराष्ट्राने 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध निराळा कायदा केला. तो 2017 पासून अमलात असून, वाळीत टाकणारास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पूर्वी बहिष्कृतास तुरुंग होता; आता बहिष्कार घालणारास तुरुंग आहे. चाक पुरते फिरले!

आता आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण काय, ते पाहू. एकेकाळी आपल्याच शेजारी गोव्यात 1560 पासून 1812 पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडून, इन्क्विझिशनचे न्यायासन होते, आणि तेही दोषी ठरलेल्यास शिक्षेसाठी राजाच्या हाती देत असे. हा इतिहास पुसता येत नाही आणि पुसूही नये. त्यातून शिकून 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने गंभीरपणे जाहीर केले की, धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये. 1983 च्या धर्मसंहितेत बहिष्कार आजही आहे. पण त्याची गणना औषधरूप शिक्षांत केलेली आहे. आधी समज दिल्यावाचून धर्माधिकाऱ्याने तो घालता येत नाही. आणि मनुष्याने हट्ट सोडला, की त्यास मोकळे करण्याचे नाकारता येत नाही. औषधाचे काम रोगी बरा होण्याचे. जो वैद्य रोग्यास खाटेला बांधून कुलूप लावून निघून जातो, त्यास आपण वैद्य म्हणत नाही.

प्रभू येशूने ह्याविषयी जो क्रम घालून दिला, तो मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आहे. भावाने अपराध केला तर प्रथम एकट्याने जाऊन त्यास सांगावे. न ऐकले तर एकदोघांस बरोबर न्यावे. तरीही न ऐकले तर मंडळीस कळवावे. आणि मंडळीचेही न ऐकले तर त्यास परराष्ट्रीय व जकातदार ह्यांच्यासारखा समजावे. पुष्कळ जण येथेच थांबतात आणि म्हणतात, "पाहा, वाळीत टाकण्याची आज्ञा आहे!" पण प्रभू स्वतः जकातदारांशी कसा वागला? नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण आपण पाहिला आहे. जुन्या काळी जकात त्यात टाकीत असे सांगतात. अशाच एका नाक्यावर बसलेल्या माणसास प्रभूने हाक मारली, त्याच्या घरी जेवला आणि त्यास प्रेषित केले. त्याच माणसाने हे शुभवर्तमान लिहिले अशी ख्रिस्तसभेची परंपरा आहे. जकातदारासारखा समजावा म्हणजे त्यास पहिल्यापासून नव्याने जिंकून घ्यावे. संत पौलानेही करिंथच्या एका अपराध्यास मंडळीबाहेर ठेवण्यास सांगितले. पण पुढल्या पत्रात, शिक्षा पुरे झाली, आता त्यास क्षमा करा, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल, अशा आशयाची विनवणीही केली.

ह्या सर्व विवेचनाचे तात्पर्य घरी नेण्याजोगे व्हावे म्हणून तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट वाळीत टाकण्याविषयी. परजातीत किंवा परधर्मात लग्न केले, जुन्या भांडणात पंचांचे ऐकले नाही, जमिनीच्या वादात कोर्टात गेला, म्हणून अमुक घराशी बोलू नका, त्यांच्या मयतास जाऊ नका, असे आपल्या धर्मग्रामात कोणी सांगत असेल, तर त्यास ख्रिस्तसभेचा आधार नाही हे मी ह्या व्यासपीठावरून स्पष्ट सांगतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या पूर्वजांस गावकुसाबाहेर ठेवण्यात आले होते. त्या वेदनेतून उठलेल्या लोकांनी देवळाच्या आत नवे गावकूस बांधावे, ह्याहून अधिक दुःखाची गोष्ट कोणती? संस्कारांविषयी काही अडचण असेल तर ती धर्मगुरूशी एकांतात बोलण्याची आहे. पाणवठ्यावर आणि पिठाच्या गिरणीत निकाल देण्याची नव्हे.

दुसरी गोष्ट माहेरी परत आलेल्या लेकींविषयी. वडीलधारी मंडळी माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "फादर, तिला चार शब्द सांगा आणि सासरी धाडा, तुमचे ती ऐकेल." लग्न हा पवित्र संस्कार आहे; तो मोडू नये म्हणून जे करता येईल ते मी करीन, रात्री-अपरात्री करीन. परंतु ती का आली, हे आधी ऐकून घेईन. तिच्या अंगावर वळ असतील तर तिला परत धाडण्याचे काम माझ्या हातून होणार नाही. संसाराचे ओझे असह्य झाल्यावर दूर राहण्याची मोकळीक धर्मसंहितेतच दिलेली आहे. जेथे जोडीदारापासून शरीराला किंवा आत्म्याला मोठा धोका असेल, तेथे वेगळे राहण्यास ती रास्त कारण मानते. बिशप आणि शेरीफ ह्यांनी मिळून जी बाई नवऱ्याच्या दारात नेऊन सोडली, तिचा संसार झाला असे इतिहासात कोठे नमूद नाही.

तिसरी गोष्ट दोन दारांविषयी. पूर्वी बिशपांच्या पत्राने राजाचा शेरीफ हलत असे. आज तसे नाही, आणि नाही हेच बरे. पण त्यामुळे एक समजूत नीट करून घ्यावी लागते. धर्मप्रांताच्या न्यायासनाने एखादे लग्न मुळातच झाले नव्हते असा निर्णय दिला, तर तो ख्रिस्तसभेपुरता असतो. सरकारी कायद्यात त्याने लग्न संपत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली स्पष्ट केले आहे. दिवाणी न्यायालयाचा हुकूम न घेता जो दुसरे लग्न करील, तो कायद्याच्या कचाट्यात सापडेल आणि त्या निरपराध मुलीचेही नुकसान करील. उलट, दिवाणी कोर्टाचा घटस्फोट हाती आला म्हणून वेदीपुढील लग्नाचे बंधन सुटत नाही. दोन्ही दारे निराळी आहेत. दोन्ही ठिकाणी रीतसर जावे लागते. घोडेगावच्या किंवा जुन्नरच्या कचेरीत जाण्यापूर्वी आणि गेल्यानंतरही माझ्याकडे या. कागद समजावून सांगण्यास मी बसलो आहे.

कोणी म्हणेल, अशाने धर्मगुरूचा धाक कसा राहील? मी म्हणतो, धाक गेला तर जाऊ द्या. विश्वास राहिला पाहिजे. इंग्लंडच्या धर्मन्यायालयांच्या हाती सहा शतके राजाचा तुरुंग होता. त्या तुरुंगाने लोक देवळात आणले असतील. पण त्यांतील एकाच्या तरी अंतःकरणात देवाची प्रीती उत्पन्न झाली असेल काय? उलट, ज्यांनी आपल्या ह्या डोंगरांत अनवाणी फिरून शुभवर्तमान सांगितले, आजाऱ्यांस औषध दिले, दुष्काळात पोरांस भाकर दिली, त्यांच्यापाशी ना शेरीफ होता, ना बेडी. आपले वाडवडील त्यांच्या मागे गेले ते कोणाच्या हुकुमाने नव्हे. हा धर्मग्राम त्या मोकळ्या पायांनी चालत आलेल्या लोकांचा आहे.

तेव्हा ह्या योबेलाच्या वर्षी प्रत्येकाने आपल्या मनाशी एक नाव काढावे. ज्याच्याशी आपण बोलणे सोडले आहे, ज्याच्या ओट्यावर आपण वर्षानुवर्षे चढलो नाही, अशाचे ते नाव असावे. पुढील रविवारच्या मिस्सापूर्वी त्या घरी जाऊन यावे. बोलण्यास काही सुचले नाही तर नुसते पाणी मागावे. पाणी मागणे आणि पाणी देणे, ह्याहून मोठा सुटकेचा हुकूम आपल्या मुलखात कोणत्याही राजाने काढलेला नाही.

परमेश्वर ह्या धर्मग्रामास, त्यातील लहानथोरांस, जवळ असलेल्यांस आणि दूर गेलेल्यांस आशीर्वाद देवो.